तळपायाची कमान

"मुलाचे तळपाय सपाट आहेत. सैन्यभरतीतून सूट द्यावी." भरती मंडळाच्या अध्यक्षांनी डॉक्टरांचा दाखला वाचला आणि सहीसाठी ओरिनपुढे सरकवला. मुलगा बँकमालकाचा होता.

ओहायोतल्या त्या गावातून व्हिएतनामला कोण जाणार, हे गावातलीच पाच माणसं ठरवायची. ओरिन त्यातला एक. त्याचं बुटांचं दुकान होतं. गावातल्या प्रत्येक पोराच्या पावलाचा शाईचा ठसा त्याच्या कपाटात होता.

त्याने पेन उचललंच नाही. खिशातून दोन ठसे काढून टेबलावर ठेवले. "हा बँकवाल्याच्या मुलाचा. बघा, चांगली कमान आहे. आणि हा सपाट दिसतोय ना, तो गॅरेजमधल्या डेलचा. त्याला आपण मार्चमध्ये पाठवलं. आधी त्याला परत बोलवा, मग माझी सही मागा."

"ओरिन, पुढच्या महिन्यात तुझ्या मुलाची फाईल येतेय," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "तेव्हा असा दाखला तुलाही लागेल."

ओरिनने तिसरा कागद काढला. तो त्या दोन ठशांशेजारी ठेवला.

"हा माझ्या पोराचा. यालाही कमान आहे. त्याच्या फाईलला लावून ठेवा."