तहाला कान

"माणसं खोटं बोलतील, मूळ कागद कधीच नाही!" असं थोरली घरभर ठणकावून सांगे आणि मग धाकट्या बहिणीचा प्रबंध चोरून वाची.

दोघींचा विषय एकच, एक जुना तह. थोरलीने वर्षभर मसुदे, पत्रं, साक्षी ताडून पाहिल्या. तरी एकुलती एक शिष्यवृत्ती धाकटीकडे झुकलेली. दोघींचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तू तह वाचलास. तिला तो कळलाय."

"करतेस तरी काय गं तू?" थोरली जळफळली.

"काही नाही, ताई. कान लावते."

दुसऱ्या दिवशी दफ्तरखान्यात कुणी बघत नाही असं पाहून थोरलीने तहाला कान लावला. कागद कोमट होता. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

श्वास थांबला. अगदी कानाशी कुणीतरी घसा खाकरला.

"तुमच्या धाकटीला पाठवता का जरा?"