ओमेशच्या वेपचा स्क्रू

सडक अर्जुनीतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जमुनाबाईंनी आपल्या मेलेल्या पोराची धातूची वेप, वाफ ओढायची ई-सिगारेट, ठेवली. बंदी असूनही पोरांना हे विकणारे हरामखोर आजही मोकळे फिरतात.

"उघडून दे बापू. माहा ओमेश आतमंदी खोकलून राहिला."

दुकानदार बुद्धभूषणने ते हसण्यावारी नेलं नाही. बॅटरी काढून त्याने झिजलेल्या स्क्रूवर पकड मिळावी म्हणून रबरबँड धरला आणि पेचकस दाबून फिरवला. स्क्रू अर्धा वेढा सुटला. पेचकस उचलताच तो आपोआप पुन्हा घट्ट बसला.

"काकू, आतून कोणीतरी आवळून राहिला."

जमुनाबाई वेपवर वाकल्या. "ओमेश, मी आहो ना बाबू. कायले भेऊन राहिला? बाहेर ये."

पेचकस बुद्धभूषणच्या हातातच होता. स्क्रू हळूहळू उलटा फिरत वर येऊ लागला.

जमुनाबाईंनी वेपखाली पदर धरला.