नागसेनदादांची टीप

पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती टाकली आणि आम्ही दवाखान्यांना विकलेलं सॉफ्टवेअर बंद पडलं. ते लिहिणारे आमच्या ऑफिसातले नागसेनदादा दिवाळीत वारले होते. कोडमध्ये त्यांची टीप सापडली: ‘नव्या आवृत्तीत इथं अडकशील, तर असं करजो.’

तसंच केलं. सॉफ्टवेअर चाललं. मग टीप पुसली आणि आमच्या बॉस मोनाली मॅडमला म्हणालो, "दादांचा कोड भंगार होता. मीच दुरुस्त केला."

"वा रजत! इतकी वर्षं उगाच त्यांचं ऐकून राहिलो आपण."

माझे कान तापले.

जेवून आलो, तर टीप जागेवर. पुसली. चहा पिऊन आलो, तर पुन्हा तिथंच.

तिसऱ्यांदा पुसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलो.

रिकाम्या ओळीत एकेक अक्षर उमटू लागलं: ‘पुसून टाक गा. पुढच्या वेळीही मीच सांगीन तुले.’