ओट्याची उंची

कारखान्यात तयार झालेलं घर दोन अर्ध्या भागांत आलं आणि क्रेनने जोडलं गेलं. ज्यानं नकाशा काढला, तो तिचा नवरा मात्र आधीच वारला होता.

"करमलं नाही तर तुझ्याकडे येईन," तिनं लेकीला बजावलं.

स्वयंपाकाचा ओटा उंच निघाला. "जन्मभर सांगितलं, मी बुटकी आहे म्हणून," ती सवयीनं करवादली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा आपोआप तिच्या कमरेइतका खाली आला होता.

मग ती खिडकीवरून कुरकुरली. खिडकी उन्हाकडे सरकली.

"राहते गं इथेच," तिनं लेकीला फोनवर सांगितलं. "तुझ्या बाबांनी जिवंतपणी कधी ऐकलं नाही, आता शब्द खाली पडू देत नाहीत."

फोन ठेवून ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "सगळं झालं," ती पुटपुटली, "फक्त तुम्ही हवे होतात."

भिंतीच्या आतून एकेक स्क्रू उलटा फिरू लागला.