गाडी मावते

रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या लूमिससाहेबांची काळी, बंदिस्त मोटार टोलघराच्या फाटकापाशी येऊन दोनदा खोकली आणि गप्प झाली. साहेबांनी हॉर्न दाबला. रस्त्यावर हॉर्न वाजला की टोलवाल्यानं बाहेर यायचं, हा कंपनीचा नियम. ऑर्फा वेल्सर पिठाचे हात पुसत बाहेर आली.

मोटार काही केल्या चालू होईना. साहेबांना सहाच्या आगगाडीनं न्यूयॉर्क गाठायचं होतं. रात्रीच्या मेजवानीत मालक त्यांना भागीदार म्हणून जाहीर करणार होते. स्टेशन पलीकडच्या गावात, गॅरेजही तिथंच. मागच्या कुरणात ऑर्फाची घोडी दिसली, तशी त्यांनी ती जुंपायला सांगितली. मागायची त्यांना सवय नव्हती.

ऑर्फानं फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. या रस्त्यावर घोड्यांना मनाई. अख्ख्या लाँग आयलंडमध्ये मोटारी बेफाम सोडायला बांधलेला हा एकच रस्ता, आणि त्यावर लीद पडू नये म्हणून ही पाटी साहेबांनीच लावलेली.

"मग शेताच्या पुलावरून ने," साहेब वैतागले.

"त्या पुलावरून? मावेल का, साहेब?"

"मी बांधलाय तो. गाडी मावते."

हे तिनं पूर्वीही ऐकलं होतं. रस्त्यानं वेल्सरांच्या शेताचे दोन तुकडे केले तेव्हा साहेबांनी शब्द पाळून वरून पूल दिला, तो रिकाम्या गाडीच्या मापाचा. गवतानं भरलेली गाडी दोन्ही कठड्यांना अडायची. तिचा नवरा एलिहू टोपी हातात धरून कचेरीत गेला, तर साहेब म्हणाले, गाडी मावते ना? मग झालं. त्यानंतर दर उन्हाळ्यात एलिहू गवत अलीकडे उतरवी, पाठीवरून पलीकडे नेई, पुन्हा गाडी भरी. तिसऱ्या उन्हाळ्यात तो पुलाच्या मधोमध खाली बसला, तो उठलाच नाही. साहेबांनी त्याच्या बायकोला टोलघर दिलं आणि चारचौघांत शाबासकी घेतली. पूल अरुंद आहे, एवढं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. ऑर्फाला तेवढंच हवं होतं.

पुलाच्या चढापर्यंत घोडी कडेच्या गवतात, मोटार रस्त्यावर, मधे लांब दोर. नियम कुठे मोडला नाही. साहेब सुकाणू धरून आत बसले. मोटार पुलावर चढली आणि खरंच मावली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली.

मधोमध ऑर्फानं घोडी थांबवली आणि दोर सोडला.

साहेबांनी दार ढकललं, ते कठड्यावर आपटलं. दुसरं ढकललं, तेही. खिडकीतून डोकं बाहेर आलं. पोट आलं नाही.

"अहो ऑर्फाबाई, हे काय?"

"कुठं काय? गाडी मावली ना?"

साहेबांनी आधी नोकरी काढून घेतली, मग पगार वाढवला, मग घड्याळ दाखवून गयावया केली. ऑर्फा घोडीची आयाळ विंचरत राहिली. शेवटी साहेब मान खाली घालून पुटपुटले, की पूल जरा अरुंदच झालाय.

"मोठ्यानं," ती म्हणाली आणि तिनं चर्चच्या टेकडीवरच्या थडग्यांकडे पाहिलं. "एलिहू तिकडे आहे. त्याला आधीच कमी ऐकू यायचं."

साहेब ओरडले. बटाट्याच्या शेतातले कावळे उडाले.

ऑर्फानं घोडी पलीकडच्या गवतात सोडली, उतारावरून खाली आली आणि पायी रस्ता ओलांडला. माणसांना मनाईची पाटी नव्हती. घरात पीठ फुगून भांड्याबाहेर येऊ पाहत होतं.

मागं हॉर्न सुरू झाला. आधी थांबून थांबून, मग सलग. तिनं कान देऊन ऐकलं. रस्त्यावर हॉर्न वाजला की बाहेर यायचं, हे खरं. पण हा पुलावरचा होता.

तिनं बाह्या वर केल्या आणि पीठ मळायला घेतलं.