दुसरा खंड

ग्रंथपालबाईंनी काउंटरची फळी उचलली आणि टॅब्लेट छातीशी धरून त्या आत शिरल्या. टॅब्लेटमध्ये मास्तर होते. 'वाचकांनी आत येऊ नये' ही पाटी मास्तरांच्या डोळ्यांसमोरून मागे सरकली.

"पाटी अजून तीच आहे वाटतं," मास्तर म्हणाले.

"तीच आहे. तुम्ही आत आलेला नाहीत. टॅब्लेट आलाय."

ग्रंथालय आता घरबसल्या वाचकांपर्यंत पोचेल, असं कार्यकारिणीनं ठरवलं होतं. ठरवून झाल्यावर कार्यकारिणी चहाला गेली आणि पोचवायचं काम बाईंवर आलं. सकाळपासून त्यांनी दोन नव्या सोयी करून पाहिल्या होत्या. ऑनलाइन यादीत पुस्तकाचं नाव टाकलं की ती 'तुम्हाला हे म्हणायचं आहे का?' असं विचारून भलतंच काही दाखवत होती. आपोआप उत्तरं देणारा मदतनीस तर प्रश्न ऐकायच्या आधीच 'आपला दिवस शुभ असो' म्हणून मोकळा होत होता. पण निवृत्तीला सात महिने उरलेल्या बाई यंत्रापुढे हरल्या, असं कुणी म्हणायला नको होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तिसरी सोय उघडली: व्हिडिओ कॉलवर वाचकाला कपाटं दाखवायची.

अंथरुणाला खिळलेल्या वाचकांच्या यादीत एकच नाव होतं. ते मास्तरांचं निघावं, याला बाईंचा इलाज नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी एका कादंबरीच्या तीन खंडांपैकी दुसरा परत केला होता. असं मास्तरांचं म्हणणं. केला नव्हता, असं बाईंचं. एकतीस वर्षांत बाईंच्या रजिस्टरात लाल शाईची एकच ओळ पडली होती आणि ती मास्तरांच्या नावावर होती. त्या दिवशी मास्तर चष्मा खिशात घालून पायऱ्या उतरले, ते पुन्हा चढले नाहीत. तेव्हापासून वाचक पहिल्या खंडावरून थेट तिसऱ्यावर उडी मारत. नायिकेचं लग्न कुणाशी झालं, ते कुणाला कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या खंडात एकदम मुलंच होती.

"बोला, काय वाचायला पाठवू?" बाईंनी विचारलं.

"वाचायचं मागाहून बघू. शेवटचं कपाट दाखवा. सगळ्यात वरची फळी."

"तिथं तो खंड नाही. मी दरवर्षी मोजते."

"समोरून मोजता."

"बाबा, त्यांना उगाच चढायला लावू नका," पलीकडून सूनबाईंचा आवाज आला.

"तू फोन सरळ धर," मास्तर म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. चित्र अडकलं होतं. बाईंना ते बरं वाटलं. पण मास्तर वाक्याच्या मध्यातूनच परत आले.

"...बावीस पावलं."

"कसली पावलं?"

"तुमची. आत येऊ देत नव्हतात, म्हणून काउंटरवर उभा राहून ऐकायचो. कादंबरी ठेवायला गेलात की बावीस पावलं वाजायची, मग स्टूल सरकायचं. त्या दिवशी पावलं वाजली. स्टूल सरकलं नाही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सुचलं नाही. तीन महिने पाठीवर पडून काढले की गणितं सुटतात, बाई."

स्टूल त्या आठवड्यात सुताराकडे होतं आणि वरच्या फळीवरची पुस्तकं त्या खालूनच ढकलत होत्या. बाईंना ते लख्ख आठवलं. नसतं आठवलं तरी चाललं असतं.

त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढून टॅब्लेट फळीवर उताणा ठेवला आणि त्या चार-चार पुस्तकं बाजूला काढायला लागल्या.

"मला छत दिसतंय," मास्तर म्हणाले. "छत घरी आहे मला."

फळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बाईंचा हात कोपरापर्यंत गेला होता. बोटांना पुठ्ठा लागला. ओढून काढला तेव्हा त्याच्यावर धुळीची साय होती आणि सायीखाली त्यांच्याच वळणदार अक्षरातला क्रमांक.

टॅब्लेट अजून छताकडेच बघत होता. पुस्तक होतं तिथं परत ढकलायला पाव मिनिट पुरलं असतं. अकरा वर्षं निघाली होती, सात महिने कसेही निघाले असते.

"बाई? चित्र अडकलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चालू आहे."

त्यांनी टॅब्लेट उचलला आणि पुस्तक त्याच्यासमोर धरलं. सूनबाईंनी फोन जवळ नेला असावा, कारण पडदाभर चष्म्याची एकच काच आणि तिच्यामागचा डोळा दिसायला लागला.

"तोच," मास्तर म्हणाले.

बाई खाली उतरून संगणकापुढे बसल्या. रजिस्टर गेलं तरी लाल ओळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उतरली होती. त्यांनी 'पुस्तक परत मिळाले' हे बटण दाबलं. यंत्रानं तारीख विचारली. मास्तरांनी ती सांगितली. वारही सांगितला, सोमवार. बाईंनी टाइप केली.

'मागील तारीख स्वीकारली जाणार नाही. आजची तारीख टाका.'

"काय म्हणतंय?"

"तुम्ही आज परत केलंत, असं म्हणा म्हणतंय."

"मग टाका आजची. आता काय फरक पडतो?"

"मला पडतो."

त्यांनी पुन्हा टाइप केलं. यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी बाह्या सरसावल्या आणि टॅब्लेट समोरच्या पुस्तकांना टेकवून उभा केला.

"मास्तर, फोन ठेवू नका. वेळ लागेल."

"लागू द्या," मास्तर म्हणाले आणि उशीला टेकले.

बाईंनी तिसऱ्यांदा तोच सोमवार टाइप केला.