दहा शतांश

क्रिसोफोरोने इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, आत ढकललं, मग स्वतःकडे ओढलं. डायलची सुई हलली आणि थांबली.

"किती?" डॉन एलिहिओने विचारलं.

"चाळीस. दहा हवेत."

"मिलिमीटरचे शतांश ना? उस्ताद, तेवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, पुढेमागे सरकायला केसभर जागा लागते. फ्लायव्हीलमागच्या तीन पातळ पोलादी चकत्या ती ठरवतात. चकती जाड, तर जागा कमी. पातळ, तर जास्त. जास्त झाली तर शाफ्ट ठोकरा देऊन देऊन इंजिन खातो. कमी झाली तर काय होतं, ते तेकोयूका गावात पाद्रीबाबांच्या कृपेने लहान पोरालाही ठाऊक होतं.

"बाबांच्या गाडीसारखं व्हायला नको," क्रिसोफोरो म्हणाला.

डॉन एलिहिओ खो खो हसला. बाबांनी शहरात कुणाकडून तरी स्वस्तात इंजिन बांधून घेतलं होतं. चालू होतं तोवर डोंगरसुद्धा चढलं. मग रस्ता विचारायला बाबांनी गाडी बंद केली, ती नेमकी गुत्त्यासमोर. तापून फुगलेला शाफ्ट जागीच आवळला. इंजिन निवेपर्यंत गाडी हलेना. अख्खी दुपार बाबा तिथे बसलेले गावाने पाहिले, आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली.

क्रिसोफोरो हसला नाही. दोन वर्षांत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा लेओबार्दो आपली व्होचो, ती जुनी बीटल गाडी, घेऊन बाजाराला गेला, तो परत आलाच नाही. ना पोरगा, ना गाडी. सुरुवातीला क्रिसोफोरो रडला. पुढे रडणंही आटलं. समोर येईल ते जेवायचा, मीठ आहे की नाही तेही त्याला कळत नसे. बायको पोन्सियाना मात्र दर रविवारी गावातल्या बायकांबरोबर लोखंडी सळई घेऊन निघायची. सळई जमिनीत खुपसायची, बाहेर काढायची, टोकाचा वास घ्यायचा. तिचं मागणं मोठं नव्हतं. पुरायला एखादं हाडूक मिळावं, इतकंच.

डॉन एलिहिओचा वाळूचा धंदा होता. लेओबार्दो हरवला तेव्हा सगळ्यांत आधी हाच धावून आला. फोटोची पत्रकं त्याने छापून आणली. बायकांना नदीकाठी न्यायला दर रविवारी त्याचाच ट्रक यायचा. त्याच्या मुलीच्या पांढऱ्या व्होचोचं इंजिन गेलं, म्हणून भंगारातलं एक जुनं त्याने सुटं करून गोणीत भरून आणलं होतं. क्रिसोफोरोने ते आठवडाभर खपून बांधलं. आता फक्त फ्लायव्हील राहिलं होतं.

"जुन्या चकत्या त्या डब्यात आहेत बघ," एलिहिओ म्हणाला. "त्यातल्या लाव की. सगळ्या व्होचोंची इंजिनं सारखीच. बनवणाऱ्यालासुद्धा ओळखू यायची नाहीत."

क्रिसोफोरोने गोणीतला पत्र्याचा डबा उघडला. चकत्या पेट्रोलमध्ये धुतल्या आणि दाराशी उजेडात नेऊन एकेक पाहिली. त्याला जरा वेळ लागला. मग एक त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ही आता कामाची नाही," तो म्हणाला.

"बरं. आणि वहिनी कशा आहेत? या रविवारी पाठवतो ट्रक. नदीच्या पलीकडचा काठ राहिलाय अजून."

"नको. उद्या राजधानीतून कुत्रा येतोय. जमिनीखालचा वास काढतो म्हणे. तो नेईल तिकडे बायका जातील."

एलिहिओने सिगारेट पेटवली. काडी लवकर पेटली नाही.

"वा. देव पावला म्हणायचा," तो म्हणाला. मग काडी फेकून म्हणाला, "उस्ताद, गाडी आजच दे बाबा. सासुरवाडीला जायचंय. सासरा आजारी आहे."

"देतो."

क्रिसोफोरोने एक जाड चकती निवडली. काचेवर पॉलिश पेपर अंथरला, तेल सोडलं आणि चकती हलक्या हाताने घासायला घेतली. घासायची, मापायची, परत घासायची. तयार झाल्यावर तिच्या कडेला कानशीने दोन बारीक खाचा पाडल्या. हाताने घासलेल्या प्रत्येक चकतीवर तो अशीच खूण करायचा, दुकानातल्या चकत्यांत मिसळू नये म्हणून. त्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात एवढी हौस दुसऱ्या कुणाला नव्हती.

चकत्या बसल्या. फ्लायव्हील आवळलं. डॉन एलिहिओ बाहेर फोनवर कुणाला तरी फावडी काढून ठेवायला सांगत होता. तो आत आला तेव्हा डायल पुसून पेटीत गेली होती.

"झालं?"

"हवं होतं तेवढं झालं."

एलिहिओने फ्लायव्हील ढकलून पाहिलं. "मला तर काहीच हललेलं कळत नाही."

"हाताला कळायचं नाही ते."

चार बोल्ट आवळले आणि इंजिन गाडीत बसलं. किल्ली फिरवताच गोड सुरू झालं. डॉन एलिहिओने उस्तादाच्या पाठीवर थाप मारली. त्याची सासुरवाडी खाली खोऱ्यात होती. पांढरी व्होचो मात्र वर डोंगराच्या रस्त्याला लागली.

पोन्सियाना घेवड्याचं कालवण आणि टॉर्टिया घेऊन आली, तेव्हा क्रिसोफोरो हात धूत होता.

"अहो, उद्या कुत्रा येणार म्हणून रस्त्यात डॉन एलिहिओ सांगत होते. मला कसं कुणी बोललं नाही?"

"कुत्रा येत नाहीये."

त्याने खिशातली चकती काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने कडेवरून बोट फिरवलं. दोन खाचा, आणि त्यांच्या मधे निसटलेल्या कानशीचा तिरपा ओरखडा. लेओबार्दोच्या गाडीसाठी ही घासताना काच हलू नये म्हणून तिनेच धरली होती.

ती रडली नाही. चकती मुठीत घट्ट धरून तिने डोंगराच्या रस्त्याकडे पाहिलं.

"एलिहिओच्या इंजिनाला जागा किती ठेवलीत?" तिने विचारलं.

"काहीच नाही," क्रिसोफोरो म्हणाला. "बायकांना हाक मार, सळया घ्या. कुत्र्याच्या आधी पोराला हलवायला तो गेलाय. गाडी जिथे बंद केली असेल, तिथेच उभी सापडेल."